223 दातांचं ग्रहणचक्र: नऱ्ह्याच्या शेडमध्ये बनलेला लाकडी जोडणी संच

सूर्यग्रहणांच्या तारखा दाखवणाऱ्या या लाकडी चाकाचं आधी मोजमाप सांगतो. चाकाचा बाहेरचा व्यास 225 मिलिमीटर, दात 223, म्हणजे मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) एक. जाडी तीन मिलिमीटर, चांगल्या प्रतीचा प्लाय, लेझरने कापलेला. माझी सगळी नोकरी भोसरीत गिअर कटिंगला गेली, त्यामुळे दात असलेली कुठलीही वस्तू घरात आली की माझा हात आधी व्हर्निअरकडे जातो. चाकाला तो आडवा-उभा लावून पाहिला. व्यासातला फरक दोन दशांश मिलिमीटरच्या आत निघाला. लाकडाच्या वस्तूत एवढी शिस्त मी क्वचित पाहिली आहे.

संचाची किंमत 1,450 रुपये. नऱ्ह्यात लेझर कटिंगची एक लहान शेड आहे, तिथली दोन मुलं तो बनवतात. मी तिथे जाऊनच आणला. पेटीत मोठं चाक, मागची पाटी, पितळी बुश, सहा मिलिमीटरचा बोल्ट, एक लाकडी खटका, त्याची स्प्रिंगपट्टी, पाटीच्या मागे बसणारी तीन खाचांची लहान तबकडी, डिंक, पॉलिश पेपर, ग्रहण बघायचे पुठ्ठ्याचे दोन चष्मे आणि मराठीतली एक पुस्तिका येते. पूर्ण जोडलेलं यंत्र भिंतीला टांगता येतं.

काम साधं आहे. एक दात म्हणजे एक अमावास्या. दर अमावास्येला खटका दाबायचा, चाक एक दात पुढे सरकतं. ज्या अमावास्येला पृथ्वीवर कुठेही सूर्यग्रहण आहे त्या दातापाशी खूण कोरलेली आहे: खग्रासला भरीव गोल, कंकणाकृतीला कडं, खंडग्रासला अर्धा गोल. प्रत्येक खुणेखाली दोन तारखा. वरची चालू फेरीतली, खालची पुढच्या फेरीतली. शून्य नंबरच्या दातावर 22 जुलै 2009 आणि त्याखाली 2 ऑगस्ट 2027 असं कोरलंय. पूर्ण चाक फिरून पुन्हा शून्यावर आलं की 223 अमावास्या झाल्या, 18 वर्षं 11 दिवस झाले, आणि तेच ग्रहण पुन्हा आलं.

हे 223 दात बघूनच मी संच घेतला. गिअरवाल्यांना हा आकडा किती त्रासाचा आहे ते कळेल. 223 ही मूळ संख्या. डिव्हायडिंग हेड म्हणजे चाकाचे सारखे भाग पाडून देणारं साधन, त्याचं प्रमाण 40 ला 1, त्यात 223 कुठूनच बसत नाही, आणि 223 भोकांची इंडेक्स प्लेट, म्हणजे त्या साधनाची भाग मोजायची चकती, कुठल्या टूलरूमच्या कपाटात नसते. मग जवळचा सोयीचा आकडा, समजा 220, धरायचा आणि राहिलेला फरक चेंज गिअर लावून डिफरन्शियलने काढायचा. हॉबिंग मशीनवरही (हॉब नावाच्या फिरत्या कटरने दात कापणाऱ्या) मूळ संख्येचे दात म्हटले की सेटिंगला वेळ जातो. गिऱ्हाइकाने असा आकडा दिला की आम्ही आधी विचारायचो, एखादा दात कमी-जास्त चालेल का?

इथे चालत नाही. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून 1901 मध्ये कांस्याचं एक गंजलेलं यंत्र वर आलं. ते दोन हजार वर्षांहून जुनं आहे आणि आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ठेवलेलं आहे. 2005 मध्ये एक्स-रे टोमोग्राफीने त्याच्या आत बघता आलं आणि त्यातल्या एका चाकाला 223 दात असल्याचं निश्चित झालं. मागच्या बाजूला चार वेढ्यांची तबकडी, तिच्यावर 223 घरं, आणि ग्रहणाच्या घरांत बारीक अक्षरांत नोंदी. डिव्हायडिंग हेड नाही, हॉब नाही, हाताने आखून कानशीने कापलेले दात. ज्याने ते कापले तो माझ्याच धंद्यातला माणूस होता, असं मी मानतो. सोपं म्हणून त्याने 220 किंवा 224 केले नाहीत, कारण आकाश 223 मागतं.

का मागतं, ते पुस्तिकेत दिलंय, पण घाईत दिलंय, म्हणून मी माझ्या पद्धतीने सांगतो. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी 29.53 दिवस. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला दोन ठिकाणी छेदते, ते आपले राहू आणि केतू. राहूपासून निघून परत राहूपाशी यायला चंद्राला 27.21 दिवस लागतात. आणि पृथ्वीच्या सगळ्यांत जवळच्या जागेपासून परत त्याच जागी यायला 27.55 दिवस. ही वेगवेगळ्या दातांची तीन चाकं एकाच वेळी खुणेवर परत कधी येतील, एवढाच प्रश्न आहे. 223 अमावास्यांचे दिवस होतात 6585.32. राहूच्या 242 फेऱ्यांचे 6585.36. जवळ-लांबच्या 239 फेऱ्यांचे 6585.54. तिन्ही आकडे एकमेकांच्या पाव दिवसाच्या आत. म्हणून 18 वर्षांनी नुसतं ग्रहण येत नाही, जवळजवळ तसंच ग्रहण येतं: चंद्र तेवढ्याच अंतरावर, राहू-केतूपासून तेवढाच दूर, ऋतूही तोच. 2009 च्या ग्रहणात खग्रास स्थिती जास्तीत जास्त 6 मिनिटं 39 सेकंद होती, 2027 च्या ग्रहणात इजिप्तमध्ये लक्सरजवळ 6 मिनिटं 23 सेकंद असेल. याच कुळात, म्हणजे दर फेरीला परत येणाऱ्या ग्रहणांच्या याच साखळीत, 20 जून 1955 चं 7 मिनिटं 8 सेकंदांचं ग्रहण होतं, विसाव्या शतकातलं सगळ्यांत लांब. आणि 29 मे 1919 चंही, ज्याच्या फोटोंवरून ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो हे एडिंग्टनच्या मंडळींनी मोजलं आणि आइनस्टाइनचं नाव जगभर झालं.

मात्र 6585.32 आणि 6585.36 यांच्यात थोडी तूट आहेच. दर फेरीला ग्रहणाची जागा जराशी सरकते. त्यामुळे प्रत्येक कुळ एका ध्रुवापाशी लहानशा खंडग्रासाने सुरू होतं आणि शेकडो वर्षांनी दुसऱ्या ध्रुवापाशी संपतं. 2027 चं ग्रहण ज्या कुळातलं आहे, ज्याला खगोलवाले सारोस 136 म्हणतात, ते 1360 मध्ये सुरू झालं आणि 2622 मध्ये 71 ग्रहणं पुरी करून संपेल. दुसऱ्या टोकाचं उदाहरण आपण सगळ्यांनी पाहिलंय. 25 ऑक्टोबर 2022, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस, पुण्यात सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला. त्या कुळात 1968 मध्ये खग्रास होतं, 1986 मध्ये खग्रास-कंकणाकृतीच्या सीमेवरचं, 2004 पासून नुसती खंडग्रास. ते कुळ उतरणीला लागलंय. चाकावर या खुणा शेजारी-शेजारी बघताना मला फार बरं वाटतं. तारखांचा तक्ता वाचून हे मनात बसत नाही.

आता जोडणी. लेझर लाकूड जाळत जातो, त्यामुळे प्रत्येक दात कागदावरच्या मापापेक्षा किंचित बारीक झालाय. नुसत्या खटक्याला त्याने बिघडत नाही. बुशचं भोक मात्र सैल होतं. चाक बोल्टवर बसवून फिरवलं तेव्हा कडेला चार दशांशाचा रनआउट, म्हणजे डगमग, दिसला. मी बुशभोवती पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी घातली, तो गेला. घरी पत्रा नसेल तर जाड कागदाची पट्टी डिंक लावून चालेल. दातांच्या कडेची काजळी पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढा, दात घासू नका, तळ घासला तर खटका उडी मारतो. आणि पुण्याच्या पावसाळ्यात हा प्लाय फुगणार. जोडण्याआधी दोन्ही बाजूंना लॅकरचा एक हात द्या, सुकला की दुसरा. खटक्याच्या टोकाला मेणबत्ती घासा. मुलांनी ही सूचना पुस्तिकेत छापलेली नाही, छापायला हवी.

यंत्र जोडून झालं आणि मला ते खरं आहे की नाही ते तपासायचं होतं. मशीनमधून निघालेला पहिला नग जसा आपण क्यूसीला, म्हणजे तपासणीला, पाठवतो तसं. क्यूसी घरातच होती. मी सौ.ना म्हटलं, आषाढ अमावास्या 2009 पासून आषाढ अमावास्या 2027 पर्यंत किती महिने होतात? हो, दोन्ही ग्रहणं आषाढ अमावास्येची, दिव्यांच्या अवसेची. 2027 ला ती सोमवारी येते. सौ. म्हणाल्या, 18 वर्षं, म्हणजे 216. मग मीच म्हटलं, चाकाला दात 223 आहेत, सात जास्त. तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, “अहो, अधिक महिने नाही का धरायचे?”

आणि त्यांनी एकही पंचांग न उघडता यादी सांगितली. 2010 चा अधिक वैशाख. 2012 चा अधिक भाद्रपद, थोरलीच्या लग्नानंतरचा पहिला, जावयांना तांब्याच्या ताटात 33 अनारसे आणि वर दिवा ठेवून वाण दिलं होतं तो. 2015 चा अधिक आषाढ. 2018 चा अधिक ज्येष्ठ, धाकटीकडच्या जावयांचं पहिलं वाण. 2020 चा अधिक आश्विन, टाळेबंदीतला, तेव्हा अनारसे कुरियरने पाठवले आणि ते वाटेत मोडले. 2023 चा अधिक श्रावण. आणि 2026 चा अधिक ज्येष्ठ. बरोबर सात. 216 आणि सात, 223.

मी नंतर माळ्यावरची जुनी पंचांगं काढून सगळी नावं पडताळली. एकही चुकलं नव्हतं.

मला या संचाबद्दल मनापासून सांगायचं आहे ते हेच. पुस्तिकेत हे चक्र बाबिलोनी आणि ग्रीक लोकांचं म्हणून सांगितलंय, ते खरंच आहे. पण हे 223 महिने आपल्या घरात, आपल्या हाताखालून गेलेले आहेत. ज्या पंचांगावर आपण वाण द्यायचा महिना बघतो त्यात हे चाक महिन्या-महिन्याने मोजलेलं असतं. इंग्रजी तारखेने बघाल तर ग्रहण 22 जुलैवरून 2 ऑगस्टवर गेलं, 11 दिवस सरकलं. पंचांगाने बघाल तर ते आषाढ अमावास्येवरून आषाढ अमावास्येवरच आलं. मराठीत छापलेल्या संचात ही एक ओळसुद्धा नसावी, याची मला हळहळ वाटली.

पाटीमागची तीन खाचांची तबकडी हा या संचातला सगळ्यांत हुशार भाग आहे, आणि सगळ्यांत कमी समजावलेला. मोठं चाक एक फेरी पुरी करतं तेव्हा त्यावरची खिळी तबकडीला एक खाच पुढे ढकलते. खाचांवर नुसतं 0, 8, 16 कोरलंय. माझी नात सहावीत आहे, तिने विचारलं, आबा, हे काय? 6585.32 दिवसांतले ते 0.32 दिवस म्हणजे सुमारे आठ तास. ग्रहण 18 वर्षांनी परत येतं पण आठ तास उशिरा, तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरून गेलेली असते. म्हणून ते पश्चिमेकडच्या वेगळ्या देशांवर पडतं. तीन फेऱ्या झाल्या की आठ त्रिक चोवीस, आणि ते साधारण आपल्याच बाजूला परत येतं. 54 वर्षं आणि वर महिनाभर.

तिला मी 16 फेब्रुवारी 1980 चं उदाहरण दिलं. मी तेव्हा अप्रेंटिस होतो. शनिवारची दुपार. खग्रासचा पट्टा कारवारकडून कर्नाटकात शिरून आंध्र, ओडिशाकडे गेला होता. पुण्यात खंडग्रास, पण सूर्याचा फार मोठा भाग झाकला गेला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, लोक खिडक्यांना कागद लावून घरात बसले होते. वेल्डिंग शॉपच्या फोरमननी 14 नंबरची काच काढली आणि आम्हा पोरांना एकेक करून शेडच्या बाहेर उभं केलं. तेच ग्रहण 1998 मध्ये कॅरिबियन बेटांवर गेलं, 2016 मध्ये इंडोनेशियावर, आणि 20 मार्च 2034 ला ते भारतात परत येतंय, खग्रासचा पट्टा या वेळी कारगिलवरून. पुण्यात पुन्हा खंडग्रास. चाक उलटं फिरवून नातीने स्वतः 1980 गाठलं, तबकडीच्या तीन खाचा मोजल्या, आणि 2034 ला ती किती वर्षांची असेल तो हिशेब बोटांवर केला.

चष्म्यांचं सांगतो. काळ्या पॉलिमरचे आहेत, आयएसओ 12312-2 छापलंय. छाप कुणीही मारू शकतो, म्हणून तपासा. घरात चष्मा लावल्यावर ट्यूबलाइट अजिबात दिसता कामा नये, खिडकीबाहेरचं काहीच दिसता कामा नये. मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ धरला तर पुसट ठिपका दिसला तर चालेल. उन्हात सूर्याचं बिंब केशरी, कडा स्वच्छ, डोळ्याला कसलाही ताण नाही. या प्रमाणाप्रमाणे चष्म्यातून उजेडाच्या एका लाख भागांतले फार तर तीनच भाग आत यायला हवेत. नंतर चष्मा टॉर्चसमोर धरून फिल्मला टाचणीएवढं भोक किंवा ओरखडा आहे का ते बघा. माझ्या दोनपैकी एका चष्म्यात फिल्मच्या कोपऱ्याला घडी पडली होती. मुलांना दाखवल्यावर त्यांनी काही न बोलता बदलून दिला आणि पेटीत चष्मे आडवे ठेवायला लागले. काडी जाड असल्याने नंबरच्या चष्म्यावर तो नीट बसत नाही, मागून रबर लावा. लहान मुलांच्या कानांना तर लावायलाच हवा. एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच, साधे गॉगल, यांतलं काहीही चालत नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखण्याची संवेदना नसते, भाजलेलं त्या वेळी कळत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आणि हा चष्मा लावून दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून बघू नका, तिथे फिल्टर पुढच्या भिंगावर लागतो.

पुस्तिका हा संचाचा कच्चा भाग. नकाशे देखणे आहेत, पण पहिली सहा पानं स्पेन, मोरोक्को, इजिप्त, सौदी यांच्यावर. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला पुण्याची वेळ शेवटच्या पानावर बारीक टायपात शोधावी लागते. मोठ्या टायपात मी देतो: 2 ऑगस्ट 2027 ला पुण्यात स्पर्श दुपारी साधारण पावणेचार-चारच्या दरम्यान, मध्य पावणेपाचच्या सुमारास, मोक्ष साडेपाच ते पावणेसहा. मध्याला सूर्याच्या व्यासाचे दहातले चार भाग झाकलेले असतील, म्हणजे बिंबाचा एक तृतीयांशापेक्षा थोडा कमी भाग. सूर्य पश्चिमेला, क्षितिजापासून 30 अंशांच्या आसपास. 2022 च्या दिवाळीनंतर पुण्यातून दिसणारं हे पहिलंच सूर्यग्रहण. 2009 ला आपण या ग्रहणाच्या सूर्योदयाच्या टोकाला होतो, आता सायंकाळच्या बाजूला आहोत; आठ तासांची सरक इथे डोळ्यांना दिसते.

ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे पुण्यात ढग. 2009 ला सूर्य ग्रहण लागलेलाच उगवला होता आणि आम्हाला टेकडीवरून फक्त राखाडी आकाश दिसलं. त्यामुळे ज्यांना जमेल त्यांनी त्या दुपारी पूर्वेला सरकावं: दौंड, भिगवण, इंदापूर. सह्याद्रीपासून जेवढं लांब जाल तेवढा पाऊस कमी, उघडीप मिळण्याचा संभव जास्त. ज्यांना जमणार नाही त्यांनी गच्चीवर तरी यावं, ढगांत फट पडायला एक मिनिटही पुरतं. आणि पुढची तारीख आत्ताच लिहून ठेवा: 21 मे 2031. कंकणाकृती पट्टा केरळ-तमिळनाडूवरून, पुण्यात खंडग्रास, दिवस उन्हाळ्याचा. हे चष्मे घडी न पाडता, वहीत दाबून ठेवले तर तेव्हाही कामाला येतील. लावण्याआधी पुन्हा तपासा, एवढंच.

पुस्तिकेत आणि चाकावर एक चूक होती, ती सुधारलेली आहे, तरी जुना संच असेल त्यांच्यासाठी सांगतो. 26 डिसेंबर 2019 च्या कंकणाकृती ग्रहणाखाली पुढची तारीख 6 जानेवारी 2038 कोरली होती. ती 5 जानेवारी हवी. मुलांनी सगळीकडे सरसकट 18 वर्षं 11 दिवस मिळवले होते. मधल्या 18 वर्षांत लीप दिवस चार आले तर 11 दिवस, पाच आले तर 10. इथे 2020, 2024, 2028, 2032, 2036 असे पाच येतात. त्याच कारणाने 25 ऑक्टोबर 2022 च्या खाली 4 नोव्हेंबर 2040 असायला हवं. मी फोन केला, त्यांनी माझ्यासमोर हिशेब लावला आणि पुढच्या लॉटची फाइल त्याच दिवशी बदलली. अशा माणसांकडून वस्तू घ्यायला मला आनंद वाटतो.

त्याच भेटीत मी त्यांना अधिक महिन्यांचं सांगितलं. हे महिने चाकावर कोरून चालणार नाहीत, कारण पुढच्या फेरीत ते त्याच दातांवर येत नाहीत. या फेरीतला पहिला अधिक महिना दहाव्या दातावर होता. पुढच्या फेरीतला पहिला, 2029 चा अधिक चैत्र, 21 व्या दातावर येईल. म्हणून काढता-घालता येणाऱ्या सात पितळी खुंट्या हव्यात, आणि प्रत्येक दाताखाली भोक. एकाच वर्तुळावर 223 भोकं पाडली तर दोन भोकांमध्ये जेमतेम दीड मिलिमीटर लाकूड उरतं आणि प्लाय फाटतो. भोकं आळीपाळीने दोन ओळींत घ्यायची, ड्रॉइंग मी करून दिलंय. पुढच्या लॉटमध्ये घालू म्हणाले.

ज्यांच्याकडे आत्ताचा संच आहे त्यांना फक्त सात भोकं पाडायची आहेत. दीड मिलिमीटरचं ड्रिल, वर्तुळ 212 मिलिमीटर व्यासाचं, खाली टाकाऊ लाकूड ठेवून, हळू. दीड मिलिमीटरची पितळी तार रविवार पेठेत बोहरी आळीत मिळते, सुटी, लागेल तेवढीही देतात. 22 जुलै 2009 च्या दाताला शून्य धरून दात मोजा: 10 अधिक वैशाख, 39 अधिक भाद्रपद, 74 अधिक आषाढ, 110 अधिक ज्येष्ठ, 139 अधिक आश्विन, 174 अधिक श्रावण, 209 पुन्हा अधिक ज्येष्ठ. शेवटच्या खुंटीपासून 14 दात पुढे 2027 चं ग्रहण.